भाजीपाल्यातली बुरशी नैसर्गिक उपायांनी कशी आवरायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानावर काहीतरी पांढरं दिसलं की बहुतेक जण एकच विचारतात, "आता काय मारू?" आणि दरवेळी मला आधी उलटे प्रश्न विचारावे लागतात, डाग पानाच्या वर आहे की खाली, पाणी कधी देता, सकाळी पान किती वाजेपर्यंत ओलं असतं. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढले, चार कुंड्या असोत नाहीतर चार एकर, कामाची पद्धत बदलत नाही.

नैसर्गिक उपायांनी बुरशी खरंच आटोक्यात येते का?

येते, पण वेळेवर केलं तरच. काही रासायनिक औषधं पानाच्या आत शिरतात, त्यांना आंतरप्रवाही म्हणतात, आणि बुरशी आत गेल्यावरही ती थोडंफार काम करतात. आपल्याकडचे दूध, सोडा, गंधक, बोर्डो (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि चुना यांचं मिश्रण) हे सगळे स्पर्शजन्य, म्हणजे पानावर थर होऊन बसतात आणि बीजाणू, म्हणजे ज्यातून बुरशी पसरते तो सूक्ष्म कण, रुजायच्या आधी त्याला अडवतात, त्यामुळे अर्धं झाड करपल्यावर फवारणी केली तर हाती काही लागत नाही आणि मग माणूस म्हणतो नैसर्गिक सगळं खोटं. खोटं नाही, उशीर झालेला असतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. एकदा डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही, कुठल्याच औषधाने होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानावर बघायचं नसतं, आठ-दहा दिवसांनी शेंड्याकडची नवी पानं स्वच्छ येतायत का ते बघायचं.

कोणता रोग आहे ते मी कसं ओळखू?

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

भुरी सगळ्यात सोपी. पानाच्या वरच्या बाजूला पीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, बोटाने पुसलं की निघतात. काकडी, दोडका, भोपळा, वाटाणा, भेंडी यांच्यावर हमखास.

केवडा फसवतो. वरून पिवळे डाग दिसतात, काकडीवर तर ते शिरांच्या मधे अडकल्यासारखे चौकोनी-कोनाकोनाचे असतात, आणि पहाटे पान उलटं करून बघितलं तर त्याच डागाच्या खाली करडी-जांभळट लव दिसते. दुपारी बघाल तर ती लव सुकलेली असते आणि लोक तिथेच चुकतात.

टोमॅटो-बटाट्यावर दोन करपे येतात. लवकर येणारा करपा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होतो, तपकिरी डाग आणि त्यात एकात एक वर्तुळं, निशाणाच्या चकतीसारखी, आणि भोवती पिवळी कड. उशिरा येणारा करपा वेगळा, पाण्यात भिजल्यासारखे काळपट-हिरवे मोठे डाग, कुठल्याही पानावर, खोडावरही, आणि ढगाळ गारव्यात डागाच्या कडेला खालून पांढरी लव. पहिला हळूहळू चढतो, दुसरा आठवड्याभरात प्लॉट झोपवू शकतो, म्हणून या दोघांतला फरक नीट शिकून घ्या.

नावात "उशिरा" आहे म्हणून तो उशिराच येईल असं काही नाही, हवामान जुळलं तर कधीही येतो.

झाड दिवसा मलूल होतं, रात्री ताजंतवानं होतं आणि चार-सहा दिवसांत कायमचं सुकतं, तर मर. खोड उभं चिरून बघा, आतल्या नळ्या तपकिरी झाल्या असतील तर बुरशीची मर असण्याची शक्यता जास्त. पण जिवाणूंची मर पण असते आणि ती पण तशीच दिसते, म्हणून एक सोपी परीक्षा करा, खोडाचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पारदर्शक ग्लासात अर्धवट बुडवून लटकत ठेवा. पाच-दहा मिनिटांत कापाच्या जागेतून दुधाळ दोरा खाली सुटला तर ते जिवाणू आहेत आणि खाली लिहिलेले बुरशीचे उपाय तिथे फारसे चालणार नाहीत.

बुंध्याशी पांढरे रेशमासारखे धागे आणि त्यात मोहरीच्या दाण्यांसारख्या तपकिरी गोळ्या दिसल्या तर ती बुंधा कुजवणारी स्क्लेरोशियम. त्या गोळ्या म्हणजे तिचं बी समजा, जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून ते झाड आजूबाजूच्या मातीसकट अलगद उचलून बाहेर न्यायचं, उपटून झटकायचं नाही.

भुरीचं औषध केवड्यावर का चालत नाही? दोन्ही बुरशीच ना?

खरं तर नाही. केवडा, उशिरा येणारा करपा आणि रोपं कोलमडवणारी पिथियम हे सगळे ऊमायसीट या वेगळ्या गटातले, शास्त्रज्ञ त्यांना खऱ्या बुरशीत धरत नाहीत, त्यांचं नातं पाण्यातल्या शेवाळांशी जास्त जवळचं आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे बीजाणू तर शेपटी हलवत पाण्यात चक्क पोहतात. म्हणून त्यांना पानावर किंवा मातीत मोकळं पाणी लागतंच. भुरीचं उलटं आहे, तिला हवेत दमटपणा आवडतो पण पान ओलं असायची गरज नसते, उलट पानावर पाणी साचलं तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. म्हणूनच भुरी कोरड्या दिवसांत जोर धरते आणि केवडा पावसात, दवात, धुक्यात.

आणि भुरी पानाच्या वर वाढते, फक्त अन्न ओढायला आत छोटी मुळी घालते, त्यामुळे दूध-सोडा अशा साध्या गोष्टी तिला थेट लागतात. केवडा पानाच्या आत पसरतो. दूध मारून केवडा जाईल ही आशा सोडून द्या, तिथे तांबं (म्हणजे खाली दिलेलं बोर्डो), मोकळी हवा आणि कोरडं पान एवढंच चालतं.

फवारणी न करता सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

पाण्याने. म्हणजे पाणी कधी आणि कुठे पडतं त्याने. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे कारण लोक पाचशे गोष्टी विचारतात आणि संध्याकाळी नळीने झाडावरून पाणी मारणं काही बंद करत नाहीत.

बहुतेक बुरशींच्या बीजाणूला पानात घुसायला काही तास सलग ओलावा लागतो, बऱ्याच रोगांत सहा तास किंवा त्याच्या पुढे. संध्याकाळी पान भिजवलं तर ते रात्रभर ओलं राहतं, त्यात पहाटेचं दव मिळतं, म्हणजे आपण स्वतः त्याला बारा-चौदा तास देतो. तेच पाणी सकाळी बुंध्याशी दिलं तर पान कोरडं राहतं. ठिबक असेल तर उत्तम, नसेल तर सरीतून द्या, झारी असेल तर तिचं तोंड काढून मुळाशी ओता.

मग अंतर. दाट लावलेलं पीक उशिरा वाळतं, इतकं साधं आहे ते. टोमॅटोला आधार द्या, बांधा, आणि झाड उंच झालं की जमिनीपासून फूटभर वरपर्यंतची खालची पानं हळूहळू काढून टाका, कारण लवकर येणारा करपा तिथूनच चढतो. पावसाचा थेंब मातीवर आपटतो आणि मातीतले बीजाणू घेऊन खालच्या पानावर उडतो, म्हणून जमिनीवर गवताचं, पाल्याचं किंवा मल्चिंग पेपरचं आच्छादन असेल तर अर्धी लढाई तिथेच होते. पान काढायचं काम कोरड्या दिवशी करा, ओल्या पिकात फिरलात तर तुमच्या हातांनी आणि कपड्यांनीच रोग पुढच्या ओळीत जातो.

नत्र पण आवरतं ठेवा. गडद हिरवं, लुसलुशीत, भराभर वाढलेलं झाड बघायला छान वाटतं पण ते मऊ असतं आणि दाट होतं, भुरीला आणखी काय पाहिजे.

दुधाची फवारणी खरंच चालते?

भुरीवर चालते. १९९९ मध्ये ब्राझीलमधल्या वॅगनर बेट्टिओल यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर गाईच्या दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात दुधाचं प्रमाण साधारण १० टक्के आणि आठवड्यातून नियमित फवारणी असली तर भुरी चांगलीच आटोक्यात राहिली होती. तेव्हापासून हा उपाय जगभर लोक वापरतात.

प्रमाण एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी. आठवड्यातून एकदा, जोर जास्त असेल तर दोनदा, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असं. हे मात्र सकाळी मारायचं, कारण दुधातल्या प्रथिनांवर ऊन पडलं की भुरीला मारक असे घटक तयार होतात असं पुढच्या अभ्यासातून दिसलंय, संध्याकाळी मारलं तर तो फायदा जातो. साय काढलेलं दूध घेतलं तर वास कमी येतो आणि नोझलही तुंबत नाही. जास्त घट्ट मारून जास्त फायदा होत नाही, उलट पानावर दुसरीच बुरशी वाढते आणि वास सुटतो.

ताक चालेल का हेही विचारतात. पातळ करून वापरणारे आहेत, पण आंबटपणा दरवेळी वेगळा असतो त्यामुळे मी दूधच सुचवतो, निदान प्रमाण हातात राहतं.

खायच्या सोड्याचं प्रमाण किती?

एक लिटर पाण्याला ५ ग्रॅमच्या वर जाऊ नका, त्यात थोडं वनस्पती तेल आणि दोन-तीन थेंब सौम्य साबण, म्हणजे द्रावण पानाला चिकटतं. सोडा पानावरचा सामू (पीएच) वाढवतो आणि भुरीचे धागे आक्रसतात. तो मुख्यतः भुरीवरच आहे हे विसरू नका.

मी एकदा घाईत दुप्पट प्रमाण केलं आणि तेही भर दुपारी काकडीवर मारलं, दोन दिवसांत पानांच्या कडा कागदासारख्या वाळल्या आणि तो वेल पुढे कधी सावरलाच नाही. त्यामुळे आधी दोन-चार पानांवर मारा, दोन दिवस थांबा, मग बाकीचं. शिवाय सोड्यात सोडियम असतं, ते मातीत साठत जातं आणि साठलं की झाडाला बाधतं. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळत असेल तर तेच घ्या, काम जास्त चांगलं करतं आणि झाडाला पोटॅशही मिळतं.

गंधक नैसर्गिक धरायचं का?

गंधक खनिज आहे आणि सेंद्रिय शेतीत बहुतेक ठिकाणी चालतं. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम, भुरीवर अतिशय चांगलं, तांबेऱ्यावर आणि कोळ्यांवरही मदत होते. पण दोन नियम पाळायचेच. तापमान ३० ते ३२ अंशांच्या वर जात असेल तर गंधक मारायचं नाही, पान भाजतं. आणि तेलाची फवारणी, म्हणजे निंबोळी तेल पण त्यातच आलं, आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवायचं. काकडीवर्गातल्या काही जाती गंधकाला हळव्या असतात, तिथे आधी एका वेलावर ट्रायल घ्या.

निंबोळी तेल सगळ्या रोगांवर चालतं ना?

नाही. ते मुळात किडींसाठी जास्त कामाचं आहे. तेलाचा थर भुरी दाबतो, लिटरला ५ मिली, आधी थोड्या कोमट पाण्यात साबणाबरोबर पांढरं दुधाळ होईपर्यंत घुसळून मग बाकीच्या पाण्यात टाका, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पंपातून शेवटी नुसतं तेलच बाहेर येतं. कडक उन्हात मारू नका, पाण्याचा ताण बसलेल्या झाडावर तर नकोच. करपा, केवडा, मर यांच्यासाठी निंबोळी तेलावर वेळ घालवू नका.

बोर्डो मिश्रण कसं बनवायचं? ते सुरक्षित आहे का?

याची गोष्ट छान आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून खायचे म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवायचे, बघणाऱ्याला वाटावं की विष मारलंय. १८८२ मध्ये पियरे मिलार्देत या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवड्याने बाग उजाड झालीय पण रस्त्याकडच्या या वेली हिरव्या आहेत, मग त्याने त्यावर काम केलं आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. आजही केवडा आणि करपा या दोघांवर नैसर्गिक म्हणता येईल असं यापेक्षा भरवशाचं फार काही नाही.

दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम ताजा कळीचा चुना, हे झालं एक टक्का. कोवळ्या पिकावर अर्ध्या टक्क्याने सुरुवात करा. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा, लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. चुन्याचं पाणी गार होऊ द्या, गाळा, आणि मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतत लाकडी काठीने ढवळत राहा. आकाशी निळं मिश्रण तयार होतं. आता एक स्वच्छ लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा, खिळ्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे आणि ते पान जाळणार, म्हणून आणखी चुन्याचं पाणी घाला आणि परत तपासा. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी वापरा, शिळं मिश्रण कामाचं नाही.

सुरक्षित का, याचं उत्तर "मर्यादेत" असं आहे. तांबं मातीत कुजत नाही, विरत नाही, साठत जातं आणि गांडुळांना, मातीतल्या चांगल्या बुरशांना मारतं. माशांना ते फार विषारी आहे, तळ्याकाठी, ओढ्याकाठी मारू नका. युरोपीय संघाने म्हणून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातलीय. नैसर्गिक आहे म्हणून दर आठवड्याला मारा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, हवामान खरंच रोगाचं असेल तेव्हाच वापरा, आणि मारताना हातमोजे, मास्क, चष्मा पाहिजेच.

ट्रायकोडर्मा म्हणजे काय, आणि मी वापरला तर काहीच फरक पडला नाही, असं का?

ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशीच, पण दुसऱ्या बुरशीला खाणारी. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवलं की तिचे धागे रायझोक्टोनिया या रोगट बुरशीच्या धाग्याभोवती गुंडाळतात आणि त्याला मारतात. शिवाय ती मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधीच व्यापते, म्हणजे रोगाच्या बुरशीला शिरायला जागाच उरत नाही. मूळकूज, बुंधाकूज, रोपं कोलमडणं, काही प्रमाणात मर, इथे तिचा उपयोग.

फरक पडला नाही असं म्हणणाऱ्यांना विचारलं तर बहुतेक वेळा यातलं एक निघतं. पाकीट जुनं होतं किंवा उन्हात, पत्र्याखाली ठेवलेलं होतं. जिवंत गोष्ट आहे ती, तारीख बघून घ्या आणि सावलीत गार जागी ठेवा. दुसरं, कोरड्या मातीत नुसती भुकटी फेकली. तिला ओलावा आणि सेंद्रिय पदार्थ लागतो, दोन्ही नसेल तर ती उपाशी मरते. तिसरं, त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे स्वतःच पेरलं आणि स्वतःच मारलं. चौथं, झाड वाळायला लागल्यावर टाकलं.

बरोबर पद्धत अशी. चांगलं कुजलेलं, हाताला गरम न लागणारं शेणखत किंवा कंपोस्ट १०० किलो घ्या, त्यात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळा, मूठ दाबली तर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकं ओलं करा, सावलीत ढीग करून गोणपाटाने झाका. तीन-चार दिवसांनी एकदा खालीवर करा, ओल टिकवा. दहा-पंधरा दिवसांत ढिगात पांढरी-हिरवट वाढ दिसते आणि मग ते लागवडीच्या वेळी मुळाशी द्या. अशाने थोडंसं पाकीट कितीतरी पटीने वाढतं. बीजप्रक्रियेला किलोभर बियाण्याला ५ ते १० ग्रॅम, बी जरासं ओलं करून चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं.

सुडोमोनास आणि बॅसिलस वेगळे आहेत का?

हे दोन्ही जिवाणू. सुडोमोनास फ्लुरोसन्स मुळाभोवतीचं लोह असं बांधून ठेवतो की रोगाच्या बुरशीला ते मिळत नाही, आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. बॅसिलस सबटिलिस टणक बीजाणू बनवतो म्हणून पाकिटात जास्त टिकतो आणि पानांवर फवारायलाही बरा. दोन्ही संध्याकाळी मारा, ऊन त्यांना मारतं. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा. बोर्डो मारलं असेल तर मधे आठ-दहा दिवस जाऊ द्या.

रोपं उगवून आली आणि मुळाशी बारीक होऊन पडली. काय करू?

पडलेली गेली. ती काढा, त्यांच्या भोवतालची माती काढा, दोन दिवस पाणी तोडा आणि वारा लागू द्या, उरलेली वाचतात. पुढच्या वेळी गादीवाफा उंच करा किंवा ट्रे वापरा, बी विरळ टाका, माध्यमात ट्रायकोडर्मा मिसळा आणि वरचा थर सुकल्याशिवाय परत पाणी देऊ नका. जुने ट्रे नीट घासून, धुवून, कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नका.

मर रोग दरवर्षी त्याच जागी येतो. जमीनच बदलायची का?

जमीन बदलता येत नाही पण पीक बदलता येतं. मर आणणारी फ्युजेरियम जाड कवचाचे बीजाणू करून जमिनीत अनेक वर्षं पडून राहते, त्यामुळे दोन वर्षांच्या फेरपालटीने ती जाईल असं नाही, भार कमी होतो एवढं खरं. टोमॅटोनंतर वांगं आणि त्यानंतर मिरची ही फेरपालट नाही, सगळं एकाच घराण्यातलं. मधे मका, ज्वारीसारखी तृणधान्यं, कांदा-लसूण, पालेभाज्या आणा.

उन्हाने माती तापवणं हा उपाय मला फार आवडतो कारण त्यात काही विकत आणायचं असेल तर फक्त प्लास्टिक. इस्रायलमधल्या याकोव्ह कातान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हे मांडलं. वर्षातले सगळ्यात कडक ऊन असलेले चार ते सहा आठवडे निवडा, जमीन भुसभुशीत करून सपाट करा, भरपूर पाणी द्या, आणि पारदर्शक, पातळ, २५ ते ५० मायक्रॉनचं प्लास्टिक मातीला चिकटून अंथरा, कडा मातीत गाडा. काळं प्लास्टिक घेऊ नका, ते स्वतः तापतं, माती तेवढी तापत नाही. वरची पाच-दहा सेंटिमीटर माती ४५ ते ५० अंशांपर्यंत जाते आणि ओली असल्यामुळे उष्णता आत पोचते. काढल्यावर खोल नांगरट करू नका, नाहीतर खालची न तापलेली माती वर येते. लगेच ट्रायकोडर्माचं खत द्या, मोकळी झालेली जागा चांगल्याने भरू दे.

मोहरीचाही उपयोग होतो. दाट पेरायची, फुलावर आली की बारीक कापून लगेच मातीत गाडायची आणि पाणी द्यायचं, तिच्यातून तिखट वासाचे वायू सुटतात आणि काही बुरशा दबतात. कापून दोन दिवस तशीच पडू दिली तर वायू हवेत जातो. गाडल्यावर तीन आठवडे तरी लागवड करू नका.

आणि जमीन अगदीच खराब असेल तर प्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपं लावा, किंवा पाकिटावर मर रोगाला प्रतिकारक असं लिहिलेली जात निवडा. टोमॅटोच्या पाकिटावर एफ, व्ही, एन अशी अक्षरं असतात, एफ म्हणजे फ्युजेरियम, व्ही म्हणजे व्हर्टिसिलियम, एन म्हणजे सूत्रकृमी. ही अक्षरं वाचायची सवय लावा.

बियाण्यातून रोग येतो का? घरचं बी वापरतो.

येतो. मिरचीचा फळकुजीचा रोग, कोबीवर्गातला काळा करपा हे बियाण्याबरोबर प्रवास करतात. रोगट झाडाचं फळ कितीही मोठं असलं तरी त्याचं बी धरू नका. गरम पाण्याची प्रक्रिया करता येते, टोमॅटो आणि कोबी ५० अंशांना २५ मिनिटं, फ्लॉवर ५० अंशांना २० मिनिटं, मग लगेच गार पाण्यात टाकून सावलीत सुकवायचं. थर्मामीटर नसेल तर करू नका, दोन-तीन अंश वर गेलं तर उगवण जाते आणि खाली राहिलं तर रोग राहतो. वाटाणा, घेवडा, काकडी अशा मोठ्या बियांना ही पद्धत नको. जुन्या बियाण्यालाही नको.

राख, हळद, दालचिनी?

प्रयोगशाळेतल्या बशीत हळद आणि दालचिनीने बुरशी थांबते हे खरं, पण शेतातल्या पानावर ऊन, वारा, पाऊस असतो आणि तिथे तो परिणाम फार टिकत नाही. ट्रेमधल्या रोपांच्या मातीवर चिमूटभर दालचिनी टाकलीत तर नुकसान नाही. राख सामू वाढवते आणि पोटॅश देते, पण ते खत आहे, औषध नाही, आणि माती आधीच विम्लधर्मी असेल तर राखेने त्रास वाढतो.

कंपोस्टचं पाणी फवारतात ते?

कधी चालतं कधी नाही, प्रत्येक कंपोस्ट वेगळं असतं. गूळ किंवा मळी घालून आंबवलेलं असेल तर त्यात माणसाला आजारी पाडणारे जंतूही वाढू शकतात, त्यामुळे कच्च्या खायच्या पालेभाजीवर ते मी कधीच मारणार नाही. मुळाशी द्या.

सगळं एकत्र करून मारलं तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, पीक नाही. गंधक आणि तेल एकत्र म्हणजे पान भाजणं, बोर्डो आणि ट्रायकोडर्मा एकत्र म्हणजे ट्रायकोडर्मा मेली, दूध आणि बोर्डो एकत्र म्हणजे नोझलमध्ये गोळे. एका वेळी एकच. वहीत तारीख, काय मारलं, किती, त्या दिवशी ऊन होतं की ढग, एवढं लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षी ती वही तुम्हाला कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त सांगेल.

रोगट पानं कंपोस्टमध्ये टाकू का?

ढीग खरंच तापत असेल तर. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर गेलं पाहिजे आणि उघड्या लांब ढिगात ते पंधरा दिवस टिकलं पाहिजे, तेवढ्यात निदान पाच वेळा पलटी द्यावी लागते म्हणजे बाहेरचं आत येतं. घरच्या छोट्या ढिगात हे क्वचितच होतं. भुरीची पानं टाकलीत तर फारसं बिघडत नाही, कारण भुरीला जिवंत पान लागतं, पण मर आणि बुंधाकुजीची झाडं घरच्या ढिगात कधीच नको, ती लांब, खोल खड्ड्यात पुरा. कात्री, कोयता प्रत्येक रोगट झाडानंतर स्पिरिटने पुसा.

सगळं केलं तरी उशिरा येणारा करपा आला. आता?

हा रोग साधा नाही. १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा यानेच गेला आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. रोग अजून तोच आहे. त्यामुळे इथे दोन पानं काढून बघू, आठवडाभर थांबू, असं करू नका.

आधी हवामानावर डोळा ठेवा. सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेतली आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त, ही ब्रिटनमध्ये वापरतात ती धोक्याची खूण आहे, ती दिसली की डाग पडायची वाट न बघता बोर्डो मारायचं. डाग दोन-चार झाडांवरच असतील तर ती झाडं मुळासकट काढा, पण पिशवी झाडावरच घालून बांधून मग उपटा, ओढत नेलंत तर वाटेतल्या प्रत्येक ओळीवर बीजाणू सांडतात. उरलेल्यांवर त्याच दिवशी बोर्डो, पानाच्या खालून पण.

अर्ध्यापेक्षा जास्त प्लॉट गेला असेल तर वाचवत बसू नका. टोमॅटोची डाग नसलेली, रंग धरायला लागलेली फळं आजच तोडा आणि एकेक सुटी पसरून पिकायला ठेवा, रोज बघा. बटाट्याचा पाला जमिनीलगत कापून बाहेर न्या आणि दोन-तीन आठवडे बटाटे तसेच जमिनीत राहू द्या, साल पक्की होते आणि वर पडलेले बीजाणूही मरतात, मग कोरड्या दिवशी काढा. हा रोग मुख्यतः जिवंत झाडावर आणि बटाट्यातच तगून राहतो, म्हणून जमिनीत राहून गेलेला एकही बटाटा पुढच्या हंगामात उगवू देऊ नका, फुटवा दिसला की त्याच दिवशी खणून काढा.